वावर ओलं, गहू उशिरा: पेरावं की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चोपडा तालुका, तापीकाठची चार एकर खोल काळी जमीन. नोव्हेंबरच्या शेवटी कपाशी मोडली, पऱ्हाटी उपटून बांधावर टाकली आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस झाला. आता डिसेंबरचा पहिला आठवडा. वरून माती सुकल्यासारखी दिसते, पण आत पाय टाकला की चपलेला गोळा येतो. शेजारच्या दोन वावरांत गहू पेरून झाला. ट्रॅक्टरवाला म्हणतो, उद्याच उरकून घ्या, मग आठ दिवस मला वेळ नाही. बियाणं घरात येऊन पडलंय. पेरावं की थांबावं?

भाऊ, उद्या पेरू नका. पाच-सहा दिवस थांबा. मी तुमच्या पलीकडच्या काठावर, शिंदखेड्याकडे, तीस वर्षांच्या वर गहू करतोय. या प्रश्नावर मी स्वतः दोन्ही बाजूंनी चुकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करू, कारण थांबायला सांगितलं की पोटात गोळा येतो तो हिशेब न केल्यामुळे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आपल्याला माहीत आहे. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, उशिरात उशिरा १५ डिसेंबरपर्यंत. १५ नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पादन घटतं. हेक्टरी अडीच म्हणजे एकरी एक क्विंटल. पंधरा दिवसांना एक क्विंटल, म्हणजे दिवसाला एकरी सहा-सात किलो. सहा दिवस थांबलात तर एकरी चाळीस किलो गेले, चार एकरांत दीड-पावणेदोन क्विंटल. ही रक्कम लहान नाही, मी तिला लहान म्हणत नाही. पण चिखलात पेरलं तर तिसरा हिस्सा बी उगवतच नाही आणि जे उगवतं तेही महिनाभर पिवळं राहतं. तो तोटा चाळीस किलोंत आटोपत नाही. थांबण्याचा तोटा मोजून ठेवलेला आहे. चिखलाचा तोटा कुठे थांबेल ते सांगता येत नाही. मी थांबा म्हणतो ते एवढ्यासाठी.

उशिराच्या गव्हाला चिखल जास्त का बाधतो, तेही समजून घ्या. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला फुटवे, म्हणजे बुडातून निघणाऱ्या जादा काड्या, करायला वेळ असतो. दोन रोपांमध्ये खाडा पडला तर शेजारचं रोप चार फुटवे जास्त काढून तो भरून काढतं. डिसेंबरात पेरलेल्या गव्हाला ती सवड नाही. उगवणीच्या वेळी थंडी असते म्हणून पाच-सात दिवसांत दिसणारा कोंब दहा-बारा दिवस घेतो, आणि फुटव्याचं वय संपतं तोवर फेब्रुवारीचं ऊन मागे लागतं. दाणा भरायचा काळ सरकून फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च येतो. आपल्याकडे मार्चच्या उत्तरार्धात दुपारचा पारा अडतीस-चाळिसावर जातो, त्या उन्हात दाणा भरत नाही, चिमतो. म्हणून उशिराच्या गव्हाचं सगळं गणित मुख्य काडीच्या ओंबीवर असतं. प्रत्येक रोप मोलाचं. त्यातली तिसरा हिस्सा रोपं पेरतानाच गेली, तर ती जागा मळणीपर्यंत मोकळीच राहते.

आता काळ्या मातीत ओल्यात पेरलं की नेमकं काय होतं ते सांगतो. आपली माती फुगणारी. ओली असताना लोण्यासारखी, सुकली की विटेसारखी. ओल्यात फण चालला की तो माती फोडत नाही, दाबत जातो. तास, म्हणजे फणाने पडलेली चरी, उघडून बघा, दोन्ही कडा साबण फिरवल्यासारख्या चकचकीत दिसतील. बी त्या गुळगुळीत फटीत पडतं. वर भुसभुशीत माती पडायला हवी तिथे चिखलाचा पट्टा पडतो, नाहीतर तास उघडाच राहतो. ओल भरपूर असली तरी बियाला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय कोंब निघत नाही. बी फुगतं, मऊ पडतं, बोटाने दाबलं की आतून आंबूस वासाचं पांढरं पाणी येतं. जे वाचतं त्याच्या मुळ्या त्या चकचकीत भिंतीत शिरत नाहीत, फटीच्या रेषेनेच आडव्या पळतात. चार-पाच दिवस ऊन पडलं की तीच फट तासाच्या रेषेत उकलते आणि कोवळी मुळी उघड्यावर लोंबते. उरलेलं बी चिमण्या आणि कावळे त्या फटीतून टिपून नेतात.

माझं स्वतःचं सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच पाऊस, अशीच घाई. वडील तेव्हा हयात होते. सकाळी बांधावर बसून त्यांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली आणि म्हणाले, "आज पेरू नको, वावर आजून कच्चं शे." मी ऐकलं नाही. भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा होता, पुढचा नंबर दुसऱ्याचा होता. खालच्या अंगाचं दीड एकर पेरून टाकलं. तेवढ्यात पेरणी यंत्राच्या नळ्या चिखलाने बुजायला लागल्या आणि दर दोन फेऱ्यांना काडीने मोकळ्या करायची वेळ आली, तेव्हा वरचं दीड एकर राहिलं. ते सहा दिवसांनी पेरलं. बी तेच, खत तेच, पाणीही सारखंच. बाराव्या दिवशी वरचं वावर हिरवं झालं आणि खालचं कुठे उगवलं, कुठे नाही. चाकं गेली त्या दोन पट्ट्यांत तर काहीच नव्हतं, मळणीपर्यंत ते पट्टे दिसत होते. खालच्या दीड एकरातून वरच्याच्या जेमतेम निम्मी पोती निघाली. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षीपासून पेरणीचा दिवस ठरवायचं काम मी त्यांच्याकडे दिलं.

तर आता वाफसा, म्हणजे माती पेरणीजोगी सुकणं, कसा ओळखायचा. वरची माती बघून कधी ठरवू नका. काळी जमीन वरून दोन दिवसांत पांढुरकी पडते आणि चार बोटांखाली लोण्यासारखी असते. कुदळीने वीतभर खोल उकरा आणि बी पडतं त्याच्या जरा खालची, म्हणजे तीन-चार इंचांवरची माती घ्या. मुठीत दाबून लिंबाएवढा गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. फुटून चार-सहा तुकडे झाले तर वाफसा आलाय. चपटा होऊन बसला तर थांबा. दुसरी परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते. तीच माती दोन तळव्यांत वळून शेवयीसारखी दोरी करा. उदबत्तीच्या काडीएवढी बारीक होईपर्यंत न तुटता वळली गेली तर माती अजून कच्ची आहे. त्याआधीच तुटून तुकडे पडायला लागले तर यंत्र घाला. ही परीक्षा एका जागी करू नका. बांधाजवळ, मध्ये, खालच्या कोपऱ्यात आणि दांडाच्या कडेला अशा चार ठिकाणी करा. चारही जागांचं उत्तर एकसारखं क्वचितच येतं.

आणि ते एकसारखं येत नाही म्हणूनच सांगतो, चार एकर एकाच दिवशी पेरलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? वरचं अंग आधी वाफशावर येतं, ते आधी पेरा. खोलगट भाग तीन दिवसांनी पेरा. ट्रॅक्टरवाला दोनदा यायला कुरकुरेल, थोडे पैसे जास्त मागेल, द्या. माझ्या पाहण्यात चिखलात पेरणाऱ्या दहांपैकी आठ जण जमीन समजत नाही म्हणून पेरत नाहीत, ट्रॅक्टरचा नंबर आला म्हणून पेरतात. गिरणेच्या पाटाखालची मंडळी आवर्तनाच्या, म्हणजे पाटाला पाणी सुटण्याच्या, तारखेसाठी पेरतात. त्यांची अडचण खोटी नाही. पण यंत्राची तारीख आणि वावराची तारीख जुळत नसेल तर यंत्राची बदलावी. आजच दुसऱ्या दोन जणांना विचारून ठेवा. गावात कुणाकडे बैलांची तिफण असेल तर खालच्या कोपऱ्यासाठी ती सगळ्यात चांगली. बैलजोडी ट्रॅक्टरसारखी दाबत नाही, आणि तिफणीमागे चालणाऱ्याला तास कसं पडतंय ते पायाशी दिसतं.

वाफसा यायला किती दिवस लागतील? मुरमाड, हलक्या जमिनीत तीन-चार दिवस पुरतात. तुमच्यासारख्या खोल काळ्या जमिनीत पाऊस दमदार झाला असेल तर आठ ते बारा दिवस, मध्ये ढगाळ राहिलं तर त्याहून जास्त. तुमच्याकडे पाऊस होऊन काही दिवस गेलेच आहेत, म्हणून मी पाच-सहा म्हटलं. हे दिवस कमी करता येतात. खालच्या बांधाला पाणी तुंबलं असेल तर आजच फावड्याने एक-दीड फूट खोल चर काढून नाल्याकडे वाट करून द्या. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि खालचा कोपरा त्याने दोन दिवस आधी मोकळा होतो. पऱ्हाटी हाताने उपटलीत ते फार चांगलं केलंत, तुमच्या वावरावर अजून चाक फिरलेलं नाही. आता वरचा इंच-दीड इंच थर कोरडा होऊन भेगाळायला लागला की बैलांच्या वखराची एक हलकी पाळी द्या. वरची पापडी फुटते, खालची वाफ निघते आणि तणाचा पहिला फेरही मोडतो.

पण रोटाव्हेटर नको. हे मला ठासून सांगायचंय, कारण आपल्याकडे कपाशी मोडली की रोटाव्हेटर फिरवायची सवयच झाली आहे. कच्च्या काळ्या मातीत रोटाव्हेटर वर पीठ करतो आणि चार-पाच इंचांवर पात्याने घासून थापलेला थर बसवतो. वरून वावर सुंदर दिसतं, खाली फरशी होते. पुढचं पाणी त्या फरशीवर साचतं आणि गहू एकविसाव्या दिवशी पिवळा पडतो. नांगरणी तर आता मुळीच नको. ओली ढेकळं उलटी पडतील आणि दगड होतील. कपाशीखालची जमीन हंगामभर दबून घट्ट झालेली असते. ती न उकरता तशीच ठेवली तर ट्रॅक्टरचं वजन नांगरलेल्या वावरापेक्षा दोन दिवस आधी पेलते. विनानांगरणी पेरणीचं यंत्र जवळपास मिळत असेल तर अशा वर्षी त्याच्यासारखी सोय नाही. नसेल तर वखराची एक पाळी आणि थेट साधं पेरणी यंत्र.

पेरायच्या दिवशी लवकर सुरू करू नका. डिसेंबरात दव जबर पडतं, सकाळी नऊपर्यंत वरची माती फणाला चिकटते. दहा-साडेदहानंतर यंत्र घाला. शिफारस अशी की उशिराच्या गव्हाला दोन ओळींत १८ सेंटिमीटर अंतर ठेवावं, वेळेवरच्या गव्हासारखं साडेबावीस नाही. कोरड्या, स्वच्छ वावरात मी तेच करतो. पण ओल जास्त असेल आणि कपाशीच्या काड्या-मुळ्या पडलेल्या असतील तर जवळजवळचे फण मध्ये गोळे धरतात आणि मग कुठलीच ओळ नीट पडत नाही. अशा वेळी माझं मत, साडेबावीसवर ठेवा आणि बी ओळीत दाट टाका. स्वच्छ पडलेली रुंद ओळ गोळे धरलेल्या अरुंद ओळीपेक्षा चांगली.

खोली चार सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं. आपण एरवी पाच-सहावर टाकतो ते ओल गाठण्यासाठी. आता ओल वरच आहे, खोल टाकून कोंबाला विनाकारण चिखलातून वर यायला लावू नका. पहिली फेरी झाली की ट्रॅक्टर थांबवा आणि स्वतः हाताने तास उकरून बघा. कडा चकचकीत दिसल्या तर तिथेच थांबा, अजून एक दिवस द्या. पेरल्यावर फळी किंवा जड मैंद फिरवू नका. बाभळीची काटेरी फांदी दोरीला बांधून हलक्या हाताने ओढली तर तास बुजतं आणि माती दबत नाही. आमच्याकडे आजही असंच करतात.

बियाण्याचं बघू. तुम्ही जात लिहिलेली नाही. पिशवीवर बघा. फुले समाधान असेल तर उत्तम, ती वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालते. निफाडच्या संशोधन केंद्राची एनआयएडब्ल्यू ३४ खास उशिरासाठीच आहे, अकोल्याची एकेएडब्ल्यू ४६२७ सुद्धा. लोकवन आपल्याकडे घरोघर आहे, लवकर येतो म्हणून उशिरालाही पेरतात आणि पोळीला त्याच्यासारखा नाही असं घरातल्या बायका सांगतात. मात्र तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या तांबूस बुरशीला, तो नाजूक आहे, फेब्रुवारीत पानं उलटून बघत राहा. पिशवीत गोदावरीसारखा बन्सी गहू किंवा फक्त वेळेवरच्या पेरणीची तपोवनसारखी जात असेल तर ती पुढच्या वर्षाला ठेवू नका, दुकानदाराकडून बदलून मिळते का बघा.

उशिराला हेक्टरी १२५ ते १५० किलो बी लागतं. तुमच्या परिस्थितीत वरचा आकडा धरा, एकरी साठ किलो. ट्रॅक्टरवाला म्हणेल यंत्र चाळीसवर लावलेलं आहे, सगळ्यांचं तेवढंच पडतं. त्याचं ऐकून घ्या आणि मोजून बघा. मोजायची सोपी रीत अशी: हजार दाण्यांचं वजन चाळीस ग्रॅम धरलं तर साठ किलोंत पंधरा लाख दाणे. ते एकरभर पसरले की एका चौरस मीटरला ३७० पडतात. ओळी १८ सेंटिमीटरवर असतील तर एक मीटर लांब ओळीत ६५ ते ६८ दाणे हवेत, साडेबावीसवर असतील तर ८० ते ८५. बांधावरच्या कडक जागी यंत्र जरा वर उचलून चालवा, मीटरभर रेघ मारा आणि खाली पडलेले दाणे वेचून मोजा. प्रत्येक नळीचे वेगळे मोजा. एखादी नळी निम्मंच सोडत असते आणि ते महिनाभराने रिकाम्या ओळीवरून कळतं. लोकवनचा दाणा ठोकळ असतो, त्याचे आकडे थोडे कमी येतील.

घरचं बी असेल तर आजच गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवस थांबायचंच आहे, तोवर उगवण कळेल. ८५ च्या वर असेल तर ठीक, कमी असेल तर तेवढं बी वाढवा. बीजप्रक्रिया या वर्षी चुकवू नका, ओल्या थंड मातीत बी कुजवणारी बुरशी सर्वांत पुढे असते. किलोला तीन ग्रॅम थायरम चोळा, सावलीत सुकवा, मग पेरायच्या अर्धा तास आधी ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम. आधी बुरशीनाशक, नंतर जिवाणू, हा क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात. उशिराच्या गव्हाला काही जण बी रात्रभर भिजवून पेरतात. कोरड्या वावरात त्याचा उपयोग होतो, तुमच्याकडे नको. फुगलेलं बी पेटीतून सारखं पडत नाही आणि ओल तर मातीत आहेच.

खताबद्दल. उशिरा पेरणीला हेक्टरी ९० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश सांगितलंय. वेळेवरच्या गव्हाला नत्र १२० असतं, इथे फुटवेच कमी म्हणून ते कमी. एकरी हिशेबाने ३६, २४ आणि १६ किलो. डीएपीची पन्नास किलोची एक गोणी आणि पंचवीस किलो म्युरेट ऑफ पोटॅश पेरतानाच बियाखाली द्या. थंड ओल्या मातीत मुळी स्फुरद नीट उचलत नाही, ते जवळ असलं तर सुरुवात बरी होते. नियमाने पेरताना एकरी वीस किलो युरियाही द्यायचा असतो. मी अशा वर्षी तो देत नाही. तुंबलेल्या ओलीत नत्र हवेत उडून जातं आणि डीएपीतलं नऊ किलो नत्र पहिल्या तीन आठवड्यांना पुरतं. मग पहिल्या पाण्याला चाळीस किलो आणि दुसऱ्या पाण्याला उरलेला वीस किलो युरिया.

पाण्याच्या बाबतीत एकच सांगणं: पेरून लगेच पाणी सोडू नका. हे तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण पाटाला पाणी आलं आणि शेजारचा भरतोय असं दिसलं की हात राहत नाही. पहिलं पाणी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं, फुटतात तेव्हा, अठरा ते एकवीस दिवसांनी. हे पाणी गव्हाला सगळ्यात मोलाचं, पण तुमच्या वावरात ते तारखेने देऊ नका. एकविसाव्या दिवशी पुन्हा उकरून गोळा करून बघा. गोळा चपटा झाला तर आणखी चार दिवस थांबा. आणि पाणी भरायचे सारे (वाफे) लांब-रुंद पाडू नका, लहान ठेवा, म्हणजे पाणी पटकन पुढे सरकेल आणि कुठे तुंबणार नाही. पुढची पाणी कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाण्यात चीक भरताना. मार्चमध्ये चिकाचं पाणी चुकवू नका, उन्हाच्या झळांत तेच दाण्याला वाचवतं. मात्र वारा सुटला असताना भरू नका, ओंब्यांच्या वजनाने गहू लोळतो.

तण या वर्षी जास्त येईल, पावसाने चाकवत आणि चंदनबटवा एकदम उठतो. महिन्याच्या आत एक खुरपणी झाली तर फवारणीची गरज सहसा पडत नाही. कुणी टू-फोर-डी हे तणनाशक सांगितलं तर आधी आजूबाजूला बघा. शेजारी कुणाची फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेली, कपाशी उभी असेल तर वाऱ्याबरोबर गेलेल्या थोड्याशा फवाऱ्याने तिची पानं बोटांसारखी आकसतात. ज्या पंपाने ते फवारलं तो पंप पुढच्या हंगामात कपाशीवर वापरला तरी तोच प्रकार होतो. ती कपाशी आपली असो वा शेजाऱ्याची, नुकसान भरून येत नाही.

आता मधेच पुन्हा पाऊस आला तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. माझा स्वतःचा नियम सांगतो. १५ डिसेंबरपर्यंत वाफसा आला तर गहू. १५ ते २० च्या मध्ये आला तर फक्त तेवढाच गहू, जेवढा घरी खायला लागतो आणि गुरांना भुसा लागतो. त्यानंतर गहू नाही. वावर मोकळं राहिलं म्हणून जीव तुटतो हे मला ठाऊक आहे. पण डिसेंबरच्या शेवटी पेरलेल्या गव्हाचा दाणा आमच्या भागात मी भरलेला पाहिला नाही. बी, खत, डिझेल, चार पाणी घालून चिमलेला गहू मिळतो आणि व्यापारी त्याला भाव देत नाही. त्यापेक्षा जमीन महिनाभर तापू द्या आणि पाणी असेल तर जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत उन्हाळी बाजरी, भुईमूग किंवा तीळ करा. तुमच्याकडे तापीचं पाणी आहे, तीळ चांगला येतो. हरभऱ्याचं विचाराल तर खोल काळ्या ओल्या वावरात तो गव्हाहून जास्त मरतो, मर रोगाने ओळीच्या ओळी जातात. मी आता त्यात पडणार नाही.

ज्या शेजाऱ्यांनी पेरून टाकलंय त्यांच्यासाठीही दोन शब्द, त्यांना सांगा. आता वरून काही करायचं नाही. पाणी तुंबलं असेल तर वाट करून द्या. वर पापडी धरली आणि कोंब खाली वाकडा होताना दिसला तर काटेरी फांदी आडवी फिरवून पापडी फोडा, ओळीत चालू नका. उगवून पिवळं पडलं तर जमिनीत युरिया फेकण्याची घाई करू नका. मूळ गुदमरलंय, त्याला खत उचलता येत नाही. निचरा झाल्यावर पानावर दोन टक्के युरिया, म्हणजे दहा लिटरला दोनशे ग्रॅम, संध्याकाळी फवारा. चार-पाच दिवसांत रंग पालटतो.

आणि तुम्ही पेराल तेव्हा बारा-तेरा दिवसांनी वावरात मीटरची पट्टी घेऊन फिरा. दहा ठिकाणी एक मीटर ओळीतली रोपं मोजा. साडेबावीसच्या ओळीत पन्नास-पंचावन्नच्या वर असली तर निर्धास्त राहा. तीस-पस्तीस असली तर खाडे भरा. त्यासाठी पेरताना एकरी दोन किलो बी बाजूला काढून ठेवा. खाडे भरायचं बी मात्र रात्रभर भिजवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खुरप्याने टोकून घ्या. बायामाणसं दोन दिवसांत चार एकर भरून काढतात. पण हे पंधराव्या दिवसाच्या आतच, त्यानंतर टोकलेला गहू मोठ्या गव्हाच्या सावलीत वर येत नाही.

परवा सकाळी चार ठिकाणची माती उकरून गोळा टाकून बघा आणि कुठे फुटला, कुठे चपटा झाला ते कळवा. त्यावरून वरच्या अंगाचा दिवस ठरवू.